४०९६-क्वामचा रेडिओ घ्यावा की चॅनेल अरुंद करावा?

वडणगेकर

नमस्कार मंडळी.

पन्हाळा तालुक्यातल्या काही वाड्यांना इंटरनेट देतो. फायबर मेन रोडपर्यंत आलंय, पुढं डोंगर, ऊस आणि परवानग्या. त्यामुळं शेवटचा टप्पा हवेतून. डोंगरमाथ्यावर एक डिश, तिथून ९ किलोमीटरवर गावातल्या पाण्याच्या टाकीवर दुसरी. ५.८ गिगाहर्ट्झचा परवानामुक्त पट्टा, चॅनेल ८० मेगाहर्ट्झ.

दुपारी रेडिओच्या पानावर २५६-क्वाम दिसतं (क्वाम म्हणजे लहरीवर बिट चढवायची रीत, म्हणजे मॉड्युलेशन; आकडा मोठा तेवढे एका वेळी बिट जास्त), लिंक झकास. संध्याकाळी सात वाजले की ६४, आणि साडेआठपर्यंत १६. नेमकं तेव्हाच सगळ्या गावाला मॅच बघायची असते. माल विकणारा म्हणतो, रेडिओ जुना झालाय, आता ४०९६-क्वाम आलंय, "सोळापट मॉड्युलेशन" आहे, वेग दुप्पट कुठं गेला नाही. दोन्ही टोकांचे रेडिओ बदलायचे म्हणजे माझ्यासारख्याला खर्च लहान नाही.

खरंच दुप्पट होईल का? आणि संध्याकाळीच का पडतं? इथं या विषयातली माणसं आहेत म्हणून विचारतोय. कंपन्यांची नावं घेत नाही, कुणी विचारू पण नका.

रंकाळ्याचा_वारा

विषयातलं काही कळत नाही, पण भडंग घेऊन बसलोय. चालू द्या.

मास्तर_ईटीसी

वडणगेकर, पैसे मोजायच्या आधी थोडं गणित करू. नोकरीत असताना पोरांना हे फळ्यावर शिकवायचो, इथं फळा नाही तेव्हा सांभाळून घ्या.

क्वाममध्ये एकाच वारंवारतेच्या दोन लहरी घेतात, एकमेकींपासून ९० अंशांनी सरकलेल्या. प्रत्येकीची उंची ठरावीक पायऱ्यांनी बदलता येते. १६-क्वामला प्रत्येक अक्षावर ४ पायऱ्या, ६४ ला ८, २५६ ला १६, १०२४ ला ३२ आणि ४०९६ ला ६४. दोन्ही अक्षांचा गुणाकार म्हणजे तो आकडा. एका वेळी किती बिट जातात? २५६ अवस्था म्हणजे ८ बिट, ४०९६ म्हणजे १२ बिट. म्हणजे सगळं जुळून आलं तरी दीडपट. दुप्पट नाही.

"सोळापट" मात्र खरं आहे, फक्त ते खर्चाच्या बाजूला आहे. पॉवर तेवढीच ठेवून पायऱ्या दुप्पट केल्या तर त्यांच्यातलं अंतर निम्मं होतं. रिसीव्हरमधल्या नॉइजला आता एका पायरीवरून शेजारच्या पायरीवर ढकलायला निम्मा धक्का पुरतो. चुकांचं प्रमाण पहिल्याइतकंच ठेवायचं तर पॉवर चौपट हवी, म्हणजे ६ डीबी (डेसिबल: ३ डीबी म्हणजे दुप्पट, १० म्हणजे दहापट). त्या बदल्यात २ बिट जास्त. २५६ वरून ४०९६ वर जायला असे दोन टप्पे: १२ डीबी. सोळापट पॉवर, दीडपट वेग.

यातून सुटका नाही. बेल लॅब्जमधल्या क्लॉड शॅननने १९४८ मध्येच हद्द घालून दिली: क्षमता म्हणजे बँडविड्थ गुणिले, दोन पायाचा लॉग (१ अधिक एसएनआर, म्हणजे सिग्नल भागिले नॉइज). एसएनआर २० डीबी, म्हणजे १०० पट असेल तर दर हर्ट्झला दर सेकंदाला ६.६६ बिटपेक्षा जास्त कुणालाच नेता येत नाहीत. ३० डीबीला ही हद्द ९.९७. पॉवर दहापट केलीत आणि हाती आले सव्वातीन बिट. बँडविड्थ लॉगच्या बाहेर आहे आणि पॉवर लॉगच्या आत. सगळी भानगड तिथं आहे.

आता तुमची लिंक. ९ किलोमीटर, ५.८ गिगाहर्ट्झ: मोकळ्या हवेतली घट साधारण १२७ डीबी. समजा अँटेना धरून ३६ डीबीएम (१ मिलिवॉटच्या वर ३६ डीबी) बाहेर पडतंय आणि पलीकडची डिश ३० डीबीआयची आहे, म्हणजे सिग्नल ३० डीबीनं वाढवते. पोहोचलं उणे ६१ डीबीएम. ८० मेगाहर्ट्झमध्ये नॉइज उणे ९५, त्यात रिसीव्हरचा स्वतःचा ६ डीबी धरा, उणे ८९. एसएनआर २८ डीबी. यावर २५६-क्वाम कसंबसं तग धरेल, १०२४ सुद्धा अवघड. ४०९६ ला चाळिशीच्या आसपास लागेल. नवा रेडिओ आणून लावलात तरी तो मुकाट्यानं २५६ वरच येऊन बसेल.

संध्याकाळचं नंतर लिहितो, जेवायला बोलावलंय.

टॉवरवाला

मास्तरांना +१. मूळचा कागलचा, सध्या पुण्यात, टॉवरच्या धंद्यात आहे. मास्तरांनी रिसीव्हरची बाजू सांगितली, मी ट्रान्समिटरची सांगतो, कारण ब्रोशरमध्ये ती सगळ्यात बारीक अक्षरात असते.

६४ पायऱ्या नीट उमटवायच्या तर अँप्लिफायर सरळ चालणारा पाहिजे आणि ऑसिलेटर थरथरता कामा नये. वायफायच्या नियमात १०२४-क्वामसाठी ट्रान्समिटरची स्वतःची चूक उणे ३५ डीबीच्या खाली लागते, ४०९६ साठी उणे ३८. मोबाइलच्या टॉवरला हेच टक्क्यांत मोजतात: क्यूपीएसकेला (चारच अवस्था, एका वेळी २ बिट) १७.५ टक्के चूक चालते, १६-क्वामला १२.५, ६४ ला ८, २५६ ला फक्त ३.५. अँप्लिफायर सरळ चालवायचा तर पूर्ण जोरावर चालवता येत नाही, मागं खेचावा लागतो. म्हणून कुठल्याही रेडिओची डेटाशीट उघडा: वरच्या मॉड्युलेशनला आउटपुट पॉवर काही डीबीनं कमी लिहिलेली सापडेल. जिथं १२ डीबी जास्त हवेत तिथंच हा कमी देतो. विकणारा हे पान उलटून दाखवत नाही.

जुनी माणसं याच कारणानं वेगळ्या वाटेनं गेली. आपल्या साध्या टूजीत जीएमएसके आहे. २०० किलोहर्ट्झच्या चॅनेलमध्ये सेकंदाला २७०.८३३ किलोबिट, म्हणजे दर हर्ट्झला १.३५ बिट. आजच्या मानानं फुटकळ. पण त्या लहरीची उंची कधीच बदलत नाही, फक्त फेज (लहरीची पुढं-मागं सरकण) वळत राहते, तीही गॉसियन फिल्टरनं गोलाई दिलेली, म्हणजे शेजारच्या चॅनेलमध्ये सांडत नाही. उंची बदलतच नाही म्हटल्यावर अँप्लिफायर वाकडा असला तरी बिघडत नाही, जोरात चालवा. त्या साध्या फोनांची बॅटरी आठवडाभर टिकायची त्यात याचाही वाटा आहे.

डीटीएचच्या छत्रीतही हाच विचार. उपग्रहावरचा अँप्लिफायर संपृक्ततेच्या जवळ चालवतात, म्हणून तिथं चौकोनी क्वाम वापरत नाहीत. ८-पीएसके (उंची तीच, फेजच्या आठ अवस्था), किंवा बिंदू, म्हणजे अवस्था, गोल कड्यांवर मांडलेलं एपीएसके.

ओएफडीएम आल्यावर उलट झालं: एका रुंद लहरीऐवजी शेकडो अरुंद लहरी (सबकॅरिअर) शेजारी-शेजारी. एलटीईच्या (फोरजी) २० मेगाहर्ट्झमध्ये १५ किलोहर्ट्झ अंतरावर १२०० सबकॅरिअर. स्पेक्ट्रम छान वापरला जातो, पण ते सगळे कधीतरी एकाच क्षणी एका दिशेला येतात आणि प्रचंड उंच टोक तयार होतं. टॉवरला ते परवडतं. हातातल्या फोनला परवडत नाही, म्हणून एलटीईत फोनकडून टॉवरकडं जाताना ओएफडीएमचाच एक सौम्य प्रकार, एससी-एफडीएमए, वापरतात.

रंकाळ्याचा_वारा

म्हणजे माझ्या फोनवर फाइव्हजी लिहून येतंय आणि व्हिडिओ फिरतच राहतोय, त्यात पण हेच काय?

टॉवरवाला

बऱ्याच अंशी. एलटीईत फोन टॉवरला सतत कळवत असतो की मला किती झेपेल, १५ पायऱ्यांत. तळाच्या पायरीवर क्यूपीएसके आणि भरमसाट एरर करेक्शन: दर हर्ट्झला ०.१५ बिट. वरच्या पायरीवर ६४-क्वाम, जवळजवळ उघडं: ५.५५ बिट. छत्तीसपटीचा फरक, एकाच टॉवरवर, एकाच चॅनेलमध्ये. आणि हे दर मिलिसेकंदाला बदलू शकतं. तुमची पट्टी कशी दिसते त्यापेक्षा तुम्ही कुठल्या पायरीवर आहात ते महत्त्वाचं. त्यात टॉवर एकटा तुमचा नाही.

रंकाळ्याचा_वारा

आणि गगनबावड्याला पाऊस लागला की सगळंच जातंय ते? वडणगेकरांचं पण पावसानं पडत असेल की.

टॉवरवाला

५.८ गिगाहर्ट्झला पाऊस जवळपास दिसतच नाही. ताशी ५० मिलिमीटर कोसळला तरी किलोमीटरमागं अर्ध्या डीबीच्या आत. पावसाळ्यात ५.८ ची लिंक पडली तर आधी कनेक्टरमध्ये पाणी शिरलंय का बघायचं, नाहीतर मधल्या झाडांची ओली पानं.

टॉवर ते टॉवर मायक्रोवेव्हचं वेगळं. १५ गिगाहर्ट्झला त्याच पावसात किलोमीटरला ३ डीबीच्या आसपास जातात, २३ ला सहा-सात, ८० गिगाहर्ट्झच्या ई-बँडला पंधरा-वीस. घाटावरच्या ८-१० किलोमीटरच्या लिंकला २३ गिगाहर्ट्झ लावलं तर आषाढात काय होईल ते सांगायला नको. म्हणून आता रेडिओ पाऊस वाढेल तसा पायऱ्या उतरतो, १०२४ वरून २५६, ६४, अगदी क्यूपीएसकेपर्यंत, आणि उघडला की परत चढतो. लिंक तुटत नाही, बारीक होते. प्लॅनिंग करताना आम्ही क्यूपीएसकेचा हिशेब ९९.९९९ टक्क्यांसाठी लावतो, म्हणजे वर्षाला सव्वापाच मिनिटं बंद. वरच्या मॉड्युलेशनला कमी टक्के धरतो. फोनकॉल तळाच्या भरवशावर, व्हिडिओ वरच्या.

मास्तर_ईटीसी

जेवण झालं. संध्याकाळचा मुद्दा.

पाऊस नाही, ऊन नाही, डिश हलली नाही, आणि रोज ठरल्या वेळी पडतं. मग सिग्नल घटलेला नाही, नॉइज वाढलाय. डोंगरमाथ्यावर तुम्ही एकटे आहात का? नसणार. ५७२५ ते ५८७५ हा सगळा पट्टा १५० मेगाहर्ट्झचा. तुम्ही त्यातले ८० घेतलेत. दुसऱ्यानंही ८० लावले असतील तर दोन चॅनेल न घासता बसूच शकत नाहीत. दुपारी त्याच्याकडं ट्रॅफिक नसतं, त्याचा रेडिओ गप्प असतो. संध्याकाळी तोही बोलायला लागतो. रेडिओचं पान उघडून रात्री नऊला सिग्नल आणि नॉइज फ्लोअर (तळाचा नॉइज) दोन्ही बघा आणि इथं सांगा.

परवानामुक्त म्हणजे तक्रारीची सोयही नाही, हे लक्षात ठेवा. २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झमधले मिळून ६०५ मेगाहर्ट्झ मोकळे केले, ते याच अटीवर: कुणाला त्रास द्यायचा नाही आणि कुणाच्या त्रासापासून संरक्षण मागायचं नाही.

शिरोळचा_ऊस

आमचं उलटं चाललंय म्हणून लिहितो. उसात ओलाव्याचे सेन्सर लावलेत, लोरा (लांबवर थोडकाच मजकूर नेणारा रेडिओ), ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या मोकळ्या पट्ट्यात. १२५ किलोहर्ट्झ अडवून सेकंदाला २९३ बिट. बिट म्हणतोय, किलोबिट न्हवं. दर हर्ट्झला ०.००२३. तुमच्या हिशेबानं हा स्पेक्ट्रमचा सत्यानाशच झाला. पण नॉइजच्या २० डीबी खाली, म्हणजे नॉइज शंभरपट असतानाही निघतंय, आणि बॅटरी वर्षभर बघायला लागत नाही. सेन्सर तासाला एकदा चार आकडे सांगतो. त्याला ४०९६ चं काय करायचंय?

आम्ही ऊसवाले याला सरीतलं अंतर म्हणून ओळखतो. तीन फुटी सरी सोडली म्हणून टनेज वाढत नाही, ऊन-वारा लागला नाही की ऊस बारीकच राहतोय. पाच फुटीवाला कांड्या कमी लावतो आणि वजन जास्त काढतो. जमीन आणि पाणी बघून सरी ठरवायची.

मास्तर_ईटीसी

क्वामच्या पायऱ्यांसाठी तुमची सरी अगदी बरोबर बसली. ओएफडीएमला मात्र लावू नका. तिथं सबकॅरिअर एकमेकांत चक्क घुसलेले असतात आणि तरी भांडत नाहीत, कारण प्रत्येकाच्या शिखरावर बाकी सगळ्यांची किंमत शून्य असते. त्यासाठी त्यांच्यातलं अंतर चिन्हाच्या (एका वेळी पाठवलेल्या अवस्थेच्या) कालावधीचा बरोबर व्यस्त लागतं: १५ किलोहर्ट्झला ६६.७ मायक्रोसेकंद. मधे रिकामी जागा सोडायची गरजच उरली नाही.

बेल लॅब्जच्या रॉबर्ट चँगनं ही कल्पना १९६६ मध्ये मांडली. पण शेकडो ऑसिलेटर कोण लावणार? १९७१ मध्ये वाइनस्टाइन आणि एबर्ट यांनी दाखवलं की हे सगळं एका फूरिए रूपांतरात होतं, आणि ते झटपट करायची कूली-ट्युकी यांची रीत १९६५ पासून होतीच. तरी स्वस्त चिपा येईपर्यंत दोन दशकं ते कागदावरच राहिलं.

डोंगरातल्या माणसाला ओएफडीएमचा अजून एक गुण कळायला हवा. प्रत्येक चिन्हाच्या शेपटीचा तुकडा त्याच्याच आधी जोडतात, सायक्लिक प्रीफिक्स. एलटीईत तो ४.७ मायक्रोसेकंदांचा, म्हणजे डोंगरावर आपटून १.४ किलोमीटर जादा फिरून आलेला प्रतिध्वनीही पचतो. ही ७ टक्के वेळ फुकट जाते, पण पन्हाळ्याच्या कुशीतल्या गावाला ती फुकट वाटायची नाही.

हॅम_सागरमाळ

उसाच्या बाजूनं मीही. स्पेक्ट्रमची काटकसर म्हटलं की सगळे बिट-प्रति-हर्ट्झ मोजतात. आम्ही हॅमवाले (हौशी रेडिओवाले) "कमीत कमी जागेत काम झालं का" ते बघतो.

एएममध्ये आवाज पाठवायला ६ किलोहर्ट्झ लागतात, त्यात दोन्ही बाजूंना तोच मजकूर आणि मधल्या कॅरिअरमध्ये काहीच माहिती नाही. एका बाजूची पट्टी ठेवून बाकी कापली की एसएसबी, साधारण अडीच-तीन किलोहर्ट्झ. एफएम रेडिओ उलट उधळा: १५ किलोहर्ट्झच्या गाण्यासाठी १८० किलोहर्ट्झ. पण त्या उधळपट्टीतूनच खरखर जाते.

आणि एफटी८ बघा, कमजोर सिग्नलसाठीचा आमचा डिजिटल मोड. २०१७ मध्ये जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँक यांनी आणलं. टेलर म्हणजे एका नव्या प्रकारच्या पल्सारच्या शोधासाठी नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ. ५० हर्ट्झ रुंदी, १२.६४ सेकंदांत ७७ बिट. सेकंदाला सहा बिट! अडीच किलोहर्ट्झच्या नॉइजशी तुलना केली तर उणे २१ डीबीपर्यंत निघतं. मी गंमत म्हणून मास्तरांचं सूत्र लावलं: तेवढ्या एसएनआरला ५० हर्ट्झमध्ये शॅननची हद्द सेकंदाला सुमारे २४ बिट येते. म्हणजे आम्ही हद्दीच्या चौथ्या हिश्श्यावर. सहा बिटवाला मोड मागासलेला नाही बरं का, त्याचा एसएनआरच तेवढा आहे. एका एसएसबी आवाजाच्या जागेत डझनांनी लोक एकाच वेळी जगभर बोलत असतात.

सिग्नलवाली

मास्तर सर, मी शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्टचा विषय अजून ठरला नाही. सगळे ओएफडीएमच करतायत. ओटीएफएस किंवा फास्टर-दॅन-नायक्विस्ट घेतलं तर जमेल का? आमच्या गाइड मॅडम म्हणतात सिम्युलेशन चालेल, पण "नवीन काय" ते सांगता आलं पाहिजे.

मास्तर_ईटीसी

ओटीएफएस २०१७ च्या सुमाराला पुढं आलं. माहिती वेळ-वारंवारतेच्या जाळीवर न मांडता विलंब आणि डॉप्लरच्या (वेगामुळं वारंवारता सरकते त्याच्या) जाळीवर मांडतात. वेगानं धावणाऱ्या वाहनासाठी चांगलं. पण आधी गरज किती ते मोज. महालक्ष्मी एक्स्प्रेस ताशी १०० किलोमीटरनं जात असेल आणि फाइव्हजी ३.५ गिगाहर्ट्झवर असेल तर डॉप्लर ३२४ हर्ट्झ. सबकॅरिअरचं अंतर ३० किलोहर्ट्झ, म्हणजे जेमतेम १ टक्का. आपल्या गाड्यांना ओएफडीएम पुरतं. ५०० च्या वेगाला, किंवा वारंवारता खूप वर गेली की बोलू.

फास्टर-दॅन-नायक्विस्ट घे. बेल लॅब्जच्या मेझोनं १९७५ मध्ये दाखवलं की चिन्हं नायक्विस्टच्या मर्यादेपेक्षा (एकमेकांत न मिसळता पाठवायची कमाल गती) २५ टक्के घाईनं पाठवली, एकमेकांवर चढली, तरी दोन संदेशांमधलं सर्वांत कमी अंतर घटत नाही. त्या काळी रिसीव्हरला हा गुंता सोडवणं परवडत नव्हतं. आजच्या लॅपटॉपवर व्हिटर्बी (असा गुंता सोडवायची रीत) चालवून तू ते रात्रीत तपासू शकतेस. २५ च्या पुढं ३०, ४० टक्क्यांना चुका कशा वाढतात त्याचा आलेख काढ, आणि प्रत्येक आलेखाशेजारी रिसीव्हरनं किती गुणाकार केले ते लिही. ते फारसं कुणी लिहीत नाही.

सोपा जोडविषय हवा तर कॉन्स्टेलेशन शेपिंग. चौकोनी क्वाममध्ये कोपऱ्यातले बिंदू सगळ्यात जास्त पॉवर खातात. ते कमी वेळा वापरले तर जास्तीत जास्त १.५३ डीबी वाचतात. लहान वाटतं, पण शॅननच्या हद्दीजवळ असताना दीड डीबी कुणी रस्त्यावर टाकत नाही.

अवांतर: नुसत्या मॉड्युलेशनवर खिळून राहू नकोस. चुका दुरुस्त करणारे टर्बो कोड १९९३ मध्ये आले, त्याच कामाचे एलडीपीसी त्याआधी तीस वर्षं धूळ खात पडले होते, आणि या दोघांनी शॅननच्या हद्दीपर्यंतचं बरंचसं अंतर संपवलं. त्यानंतरची मोठी उडी अँटेनांची. एकाच वारंवारतेवर अनेक अँटेनांतून वेगवेगळा मजकूर पाठवायच्या कल्पनेचं पेटंट आरोग्यस्वामी पॉलराज आणि थॉमस कैलाथ यांना १९९४ मध्ये मिळालं. कैलाथ जन्मानं पुण्याचे, पुण्याच्या अभियांत्रिकी कॉलेजातूनच १९५६ ला पदवी घेतलेले. फाइव्हजीच्या जागतिक निकषात टॉवरकडून येताना शिखराला दर हर्ट्झला ३० बिट मागितलेत. ते २५६-क्वामच्या ८ बिटांतून एकट्यानं कसे येतील? मजकुराचे अनेक प्रवाह एकाच वेळी चालतात म्हणून येतात. त्याच निकषात खेड्यासाठीची सरासरी मागणी ३.३ आहे.

सिग्नलवाली

थँक्यू सर! गुणाकारांची कल्पना मॅडमना आवडेल. धागा वाखुसा (वाचनखूण साठवली).

वडणगेकर

आकडे आणलेत. रात्री नऊला सिग्नल दुपारइतकाच, उणे ६२. नॉइज फ्लोअर दुपारी उणे ८८, रात्री उणे ७८. मास्तर, तुम्ही म्हणाला तेच. माथ्यावर आम्ही तिघं आहोत, आणि स्कॅनमध्ये तिघांचेही ८० मेगाहर्ट्झ एकमेकांवर चढलेले दिसतायत.

मग चॅनेल ४० वर आणला आणि पट्ट्याच्या वरच्या टोकाला सरकवला. आता रात्रीही २५६-क्वाम हलत नाही. मॅच संपेपर्यंत एकाचाही फोन आला नाही. आणि गंमत बघा: ८० मेगाहर्ट्झ गुणिले ४ बिट आणि ४० मेगाहर्ट्झ गुणिले ८ बिट, दोन्ही ३२०. निम्मी जागा सोडून दिली आणि रात्रीचा वेग तोच राहिला.

टॉवरवाला

भले शाब्बास. फक्त एक कीस काढतो: अगदी तोच नाही. तुमचा रेडिओ ११-एसी (वायफायची एक पिढी) चिपचा असेल तर ८० मध्ये माहितीचे सबकॅरिअर २३४ आणि ४० मध्ये १०८. म्हणजे ९३६ विरुद्ध ८६४, सात-आठ टक्के कमी. शिवाय दुपारी, जेव्हा ८० वर पण २५६ मिळत होतं, तेव्हाचा वेग निम्म्याहून खाली आलाय. दुपारी कुणाला तो लागत नसेल तर चिंता नाही, पण हिशेबात धरा. पावसाळ्यात अजून एक बघा: मधे नदीकाठची शेतं असतील आणि पुराचं पाणी पसरलं तर ती सपाट पाण्याची चादर सिग्नल परावर्तित करते आणि पाण्याची पातळी बदलेल तशी लिंक वर-खाली होते. तेव्हा डिशची उंची थोडी बदलून बघायची.

रंकाळ्याचा_वारा

पण वडणगेकर, तुम्ही ४० सोडले, ते बाकीचे दोघं गिळतील की. तुम्ही शहाणे झाला, ते कशाला होतील?

हॅम_सागरमाळ

वारा पहिल्यांदा विषयाला धरून बोलला.

मास्तर_ईटीसी

मुद्दा बिनतोड आहे. एका लिंकपुरता हिशेब केला तर रुंद चॅनेल नेहमीच जिंकतो. माझ्याच आकड्यांत, शांत हवेत, ८० मेगाहर्ट्झला २८ डीबी म्हणजे शॅननची हद्द सुमारे ७४० मेगाबिट. २० मेगाहर्ट्झला तेवढ्याच पॉवरमध्ये एसएनआर ३४ होतो, दर हर्ट्झला बिट जास्त, पण एकूण हद्द २२५ च्या आसपास. म्हणून ज्याला त्याला वाटतं आपण रुंद लावावा. तिघांनी तसं केलं की प्रत्येकाचा नॉइज फ्लोअर १० डीबीनं वर, आणि तिघंही १६-क्वामवर. १५० मध्ये ४० चे तीन चॅनेल बसतात, वर ३० उरतात. काटकसर मोजायची ती माथ्याची मोजा, तुमच्या एका डिशची नको. त्या दोघांना रात्री नऊचा स्कॅन दाखवा, त्यांच्याकडंही गिऱ्हाइकं ओरडतच असणार.

वडणगेकर

एकाशी बोललो, तयार आहे. दुसरा म्हणतो "बघू". रविवारी तिघं माथ्यावरच भेटतोय. जाताना काय काय नेऊ? आणि कुठला चॅनेल कुणाला ते कसं ठरवायचं?

टॉवरवाला

चॅनेल वाटायच्या आधी वेळ जुळवा. हे रेडिओ एकाच वारंवारतेवर आलटून पालटून पाठवतात आणि ऐकतात. तिघांच्या डिश एकाच माथ्यावर. एकाचा ट्रान्समिटर चालू असताना शेजारचा ऐकत असेल तर चॅनेल वेगळा असूनही दोन मीटरवरून येणाऱ्या ताकदीनं त्याचा रिसीव्हर दबतो. तिघांचेही रेडिओ जीपीएसच्या घड्याळाला बांधता येत असतील तर तिघं एकदमच पाठवतील, एकदमच ऐकतील. पाठवण्या-ऐकण्याचं प्रमाणही तिघांचं एकच ठेवायचं. वेगवेगळ्या कंपन्यांचे रेडिओ असतील तर हे जुळेलच असं नाही, मग डिशमधलं अंतर वाढवा, मधे लोखंडी जाळी उभी करा, आणि प्रत्येकाची पॉवर लिंक चालेल एवढीच ठेवा.

"बघू" म्हणणाऱ्याची लिंक सगळ्यात लांबची असेल तर त्याला कडेचा चॅनेल द्या, त्याला एकाच बाजूला शेजारी राहील.

वडणगेकर

त्याचीच १४ किलोमीटरची आहे. वरचं टोक मी धरलंय, ते त्याला देतो आणि मी मधे येतो. लॅपटॉप, पाना आणि सेल्फ-सीलिंग टेप घेतोय. अजून काही?

शिरोळचा_ऊस

चहाचा थर्मास. माथ्यावर टपरी न्हाय.